कोपरावरचं सूत

"तुटलं," बाळगोंडा वस्ताद म्हणाले.

मला ते कळलंसुद्धा नव्हतं. मी फरशीवर गुडघे आणि तळवे टेकून, सगळा भार हातांवर घेऊन श्वास मोजत होते. खाली बघितलं तर दंडापासून मनगटापर्यंत, कोपराच्या आतल्या बाजूनं ताणून बांधलेलं सूत दोन तुकडे होऊन लोंबत होतं.

"आजचं कितवं?"

"चौथं."

"हात सरळ झाला की सूत ताणतंय. तितं थांबायचं. तुझा हात तितं थांबत न्हाई, म्होरं जाऊन उलटा वळतोय, मग ते बिचारं तुटतंय."

"पण वस्ताद, मला हात सरळच वाटतोय."

"तीच तर गोम हाय. बाकीच्यांची हाडं त्यास्नी सांगत्यात, बास झालं म्हणून. तुझी हाडं मुकी हाईत. म्हणून सुताला बोलाय लावायचं. दे हात."

त्यांनी खिशातून सुताची गुंडी काढली. आमच्या इचलकरंजीत सुताला काय तोटा? पहिल्या महिन्यात ते जाड सूत बांधायचे, म्हणजे तुटायच्या आधी ते दंडाला काचायचं आणि मी सावध व्हायचे. आता आठव्या महिन्यात अगदी बारीक सूत होतं. ते काचत नाही, नुसतं तुटतं. ज्या दिवशी अख्खी सकाळ एकच सूत टिकेल, त्या दिवशी तुझा हात तुझा झाला, असं वस्ताद म्हणायचे. वस्ताद मोठे कुस्तीगीर होते म्हणे, पण उजवा खांदा तीनदा निखळला आणि कुस्ती सुटली. मग त्यांनी आपला खांदा आपणच योगासनं करून बांधून काढला होता. तालमीच्या मागच्या पडवीत, पोरं आखाड्यात उतरायच्या आत, ते मला एक तास द्यायचे.

घरी मी टायपिंगच्या क्लासला जाते असं सांगितलं होतं.

मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते, आणि गावात मला सगळे ओळखायचे. मगदुमांची त्रिशला म्हणजे रबर. पंधराव्या वर्षी योगासनांत राज्याचं सुवर्णपदक आणलं होतं मी. हात पाठीमागे गुंफायचे आणि न सोडता डोक्यावरून पुढे आणायचे, ही माझी खास गंमत. हुपरे सर, म्हणजे आमचे शिक्षक, कुणी पाहुणे आले की मला तेवढं करायला लावायचे. बायका तोंडावर हात ठेवायच्या आणि मला फार आवडायचं ते. उगाच खोटं कशाला सांगू?

सोळाव्या वर्षी, दोरीवरचे कपडे काढताना माझा उजवा खांदा निखळला. आसनात नाही, स्पर्धेत नाही, बाबांचा शर्ट ओढताना. हाडवैद्यानं बसवला. महिन्यानं पुन्हा निखळला. डॉक्टर म्हणाले, हिचे सांधे जन्मतःच सैल आहेत, ताणायचं बंद करा, स्नायू बळकट करा, नाहीतर एक दिवस कापून शिवायला लागेल. आईनं ते ऐकलं आणि घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "ह्यातलं एक अक्षर भाईर जाता कामा न्हाई. उद्या तुझं लगीन करायचं हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची." मग सगळ्यांना सांगितलं की त्रिशलानं बारावीच्या अभ्यासासाठी आसनं सोडली. हुपरे सरांना तेच सांगितलं. माझ्या धाकट्या बहिणीला, पल्लवीलाही तेच. खांदा आला-गेला की ते आई आणि मी, दोघींतच. मीही तोंड मिटलं. रबर म्हणवून घेतलेल्या पोरीला मोडकी म्हणवून घेणं सोसणार नव्हतं.

वस्तादांकडे पहिल्या दिवशी मी साधी फळी धरली, म्हणजे पालथं होऊन हातांवर आणि चवड्यांवर अंग उचलून धरलं, तर तिसऱ्या श्वासाला सगळं अंग थरथरायला लागलं. मला रडूच आलं. स्पर्धेत थरथरलं की गुण कापतात. मी जन्मात कधी थरथरले नव्हते. दोन-दोन मिनिटं मी आसन धरायचे आणि तोंडावरचं हसू ढळायचं नाही.

"थरथरायलंय म्हंजे मास काम कराय लागलंय," वस्ताद म्हणाले. "आजवर तू आसन धरलंच न्हाईस पोरी. तू सांध्याला कुलूप घालून हाडावर लोंबत हुतीस. लोंबणारं कशाला थरथरतंय? दोरीवरची पँट कधी थरथरल्याली बघितलीस?"

मला राग आला होता. पण परत आले दुसऱ्या दिवशी.

पल्लवी तेव्हा बारा वर्षांची. माझ्यासारखीच. अंगठा मागे वळवून मनगटाला टेकवायची, गुडघे उलटे जायचे, आणि हुपरे सरांना तिच्यात दुसरी त्रिशला दिसली होती. बाहेरच्या खोलीत भिंतीवर माझा पदकाचा फोटो होता. त्यात मी टिट्टिभासनात आहे. दोन्ही तळवे जमिनीवर, मांड्या दंडांवर, पाय समोर सरळ ताणलेले आणि अख्खं अंग नुसत्या दोन हातांवर उचललेलं. पल्लवी त्या फोटोखाली बसून त्याच्यासारखं करायची. जिल्ह्याच्या स्पर्धेला आठ दिवस राहिले होते.

मी एकदा म्हटलं, "पल्लू, कोपर इतकं मागं नेऊ नको. जरासं वाकलेलं ठेव."

"वाकवलं की थरथरतंय गं अक्का. सर म्हणत्यात, लॉक कर म्हणून." आणि तिनं फोटोकडे बोट केलं. "तुझं बघ की. तुझं तर माझ्यापरास जास्त गेलंय."

खरंच गेलं होतं. फोटोतली माझी कोपरं धनुष्यासारखी उलटी वाकली होती आणि मी हसत होते.

मी आईकडे बघितलं. आई परातीत ज्वारीचं पीठ मळत होती. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी गप्प बसले.

स्पर्धा आमच्याच गावातल्या एका शाळेच्या सभागृहात होती. जुन्या खेळाडूंना कामं वाटून दिली होती. मला टाइमकीपर केलं. हातात स्टॉपवॉच आणि गळ्यात शिट्टी. टिट्टिभासन तीस सेकंद धरायचं, तीस झाले की मी "सोडा" म्हणायचं. कुणाला इजा होतेय असं दिसलं तर शिट्टी मारायची. शिट्टी वाजली की त्या आसनाचे गुण शून्य. पल्लवीच्या गटात शेवटचं आसन तेच होतं, आणि ती पहिल्या नंबरावर होती. दुसरी मुलगी कुरुंदवाडची. तिनं तीस सेकंद पूर्ण केले, पण दोन्ही हात थरथरत होते आणि तोंड लाल झालं होतं. परीक्षकांनी मान खाली घालून लिहिलं.

मग पल्लवी आली. आई दुसऱ्या रांगेत बसली होती, देवळात बसतात तशी हात जोडून. पल्लवीनं तळवे टेकले, मांड्या दंडांवर घेतल्या आणि अंग उचललं. मी बटण दाबलं. टाइमकीपरनं घड्याळ बघायचं असतं. मी घड्याळ बघत होते. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा होता. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"सोडा," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. पल्लवी उठून उभी राहिली आणि परीक्षकांना नमस्कार केला. नमस्कार करताना तिचा उजवा हात डाव्यापेक्षा जरा उशिरा वर आला.

पहिला नंबर. राज्याच्या स्पर्धेसाठी निवड, आणि सोमवारपासून शिबिर. आईनं मला मिठी मारली, जणू मीच जिंकले होते. पल्लवी कुठे दिसेना. मी शोधत मागे गेले, तर ती पाण्याच्या नळापाशी उभी होती. उजवा हात पोटाशी धरलेला, आणि डाव्या हातानं नळाची तोटी फिरवायची खटपट चालली होती.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"दाखव."

कोपर सुजलं होतं. आतल्या बाजूला हात लावला तर तिनं ओठ चावला. बारा वर्षांची पोर, पण रडली नाही. रडायचं नसतं, तोंडावर हसू ठेवायचं असतं, हे तिला पक्कं शिकवलेलं.

"मधीच काहीतरी कट् झालं," ती म्हणाली. "पण मी सोडलं न्हाई. तू सोडा म्हणीपर्यंत धरलं. अक्का, आईला सांगू नकोस. सोमवारी शिबिर हाय. मी बर्फ लावतो, बरं हुतंय."

आईला सांगू नकोस. हेच वाक्य मी, कपड्यांच्या दोरीखाली बसून, बाबांच्या बाबतीत आईला म्हटलं होतं. बाबांना सांगू नकोस. तेच शब्द, तोच आवाज.

तेवढ्यात हुपरे सरांचा माणूस बोलवायला आला. एका वर्गात चहा-पेढ्यांचं चाललं होतं. सर, परीक्षक, आमची आई, बाकीच्या मुली आणि त्यांच्या आया, आणि गावातल्या एका साप्ताहिकाचा फोटोवाला. सर खुशीत होते.

"ये ये, पल्लवी. हे फोटो काढतायत. एकदा टिट्टिभासन करून दाखव बघू, तुझ्या अक्काच्या फोटोसारखं. दोन्ही फोटो शेजारी-शेजारी छापू आपण."

"सर, नको," मी म्हटलं. "तिचा हात दुखायलाय."

"थोडं दुखणारच. तुझं काय कमी दुखलं असेल? पाच सेकंद फक्त."

"सर, खरंच नको."

"त्रिशला, गप बस की गं," आई हसतच म्हणाली, पण डोळ्यांत धाक होता. "पोरीचा आजचा दिवस हाय."

पल्लवी माझ्याकडे न बघता खाली बसली आणि तिनं तळवे फरशीवर ठेवले. उजवा तळवा टेकताना तिची हनुवटी थरथरली. कुणाला दिसलं नाही. फोटोवाला एक गुडघा टेकून बसला. मी अजून बोलू शकले असते, ओरडू शकले असते. पण मी ओळखत होते त्या सगळ्यांना. ते म्हणाले असते, मोठीला धाकटीचं बघवेना.

"थांबा," मी म्हटलं. "आधी माझा काढा."

"शाब्बास!" सर म्हणाले. "अरे हिचा घ्या, हिचा. ही आमची जुनी रबर. हात मागून पुढं आणते, न सोडता. बघाच तुम्ही."

पल्लवीनं हात उचलले. मी वर्गाच्या मधोमध उभी राहिले, हात पाठीमागे नेले आणि बोटं गुंफली. आठ महिने मी एकच गोष्ट शिकत होते, धरायचं. खांद्याच्या पाठीमागचं मांस आवळायचं, दोन बोटं अलीकडे थांबायचं, सूत तुटू द्यायचं नाही. हात वर यायला लागले तसे ते मांस आपोआप आवळलं गेलं. वस्तादांनी इतकं शिकवलं होतं की आता सोडणंच अवघड होतं. मी श्वास सोडला आणि सगळं सैल केलं.

आवाज झाला. मोठा नाही, पण शांत वर्गात सगळ्यांना ऐकू गेला. उजवा खांदा पुढे आला, दंडाच्या वर नुसता खळगा उरला, आणि हात परक्याचा असल्यासारखा लोंबायला लागला. एका मुलीच्या आईनं किंकाळी फोडली. मी खाली बसले, पण शुद्धीवर होते. बोलायचं होतं मला.

"सर, हे सहाव्यांदा हाय," मी म्हटलं. "मी अभ्यासासाठी सोडलं नव्हतं. खांदा निखळत होता म्हणून सोडलं. आईला आणि मला माहीत होतं. पल्लवीचे सांधे माझ्यासारखेच हाईत. तिचं कोपर बघा. ती शिबिराला जाणार न्हाई."

सरांच्या हातात पेढ्याचा खोका होता. तो त्यांनी बाकावर ठेवला आणि पल्लवीपाशी जाऊन बसले. तिचं कोपर हातात घेतलं, आणि पुष्कळ वेळ वर बघितलंच नाही. आई आहे त्या जागी खाली बसली. "झाकली मूठ" वगैरे काही म्हणाली नाही. पदर तोंडाला लावला नुसता.

वस्तादांना बोलावलं कुणीतरी. त्यांनी मला फरशीवर झोपवलं, काखेत टाच दिली आणि खांदा बसवला. एवढंच म्हणाले, "आठ म्हैने पाण्यात घातलंस की गं."

"व्हय."

"कुणासाठी?"

मी पल्लवीकडे बघितलं.

माझं ऑपरेशन झालं. खांद्यावर वीतभर व्रण आहे. पल्लवीच्या कोपराचे बंध ताणले गेले होते, एक अर्धा फाटला होता. ती दोन महिने गळ्यात झोळी घालून शाळेत गेली. हुपरे सर घरी आले आणि भिंतीवरचा माझा फोटो स्वतःच्या हातानं उतरवून घेऊन गेले. पुढच्या वर्षीपासून ते प्रत्येक पोरीचे अंगठे आणि कोपरं आधी तपासायला लागले. गावात माझं कौतुक झालं. बहिणीसाठी स्वतःचा हात मोडून घेतला म्हणाले. लग्नही जमलं नंतर, तेही ही गोष्ट ऐकूनच. माझ्या सासरच्यांनी ती अनेकांना सांगितली आहे.

पण ती गोष्ट तिथे संपत नाही, आणि मी ती नीट सांगितलेलीही नाही.

पाचएक महिन्यांनी आम्ही दोघीही वस्तादांच्या पडवीत जायला लागलो. आता टायपिंगचं निमित्त नव्हतं, आईच डब्यात भिजवलेले शेंगदाणे देऊन पाठवायची. मला अजून भार घ्यायची परवानगी नव्हती, म्हणून वस्तादांनी पल्लवीच्या हाताला सूत बांधायचं काम माझ्याकडे दिलं होतं. त्या सकाळी ते आत तालमीत होते. मी पल्लवीच्या दंडापासून मनगटापर्यंत सूत बांधलं. ती गुडघे टेकून हातांवर भार घेऊन ओणवी राहिली, कोपर किंचित वाकलेलं. मी मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन."

पाचाला तिचे हात थरथरायला लागले. सूत ताणलेलं होतं, तुटलं नव्हतं.

"अक्का," ती जमिनीकडे बघतच म्हणाली, "त्या दिवशी घड्याळ तुझ्याच हातात हुतं की."

"सहा. सात."

"शिट्टीपण तुझ्याच गळ्यात हुती."

मी थांबले. मी सगळ्यांना सांगितलं होतं, सरांना, आईला, डॉक्टरांना, की मी घड्याळाकडे बघत होते. वर तुम्हालाही तेच सांगितलं. टाइमकीपरनं घड्याळ बघायचं असतं.

"तुला दिसलं हुतं?" तिनं विचारलं.

"दिसलं होतं."

"कवा?"

"बाराव्या सेकंदाला. कोपर उलटं गेलं, आणि तुझ्या डाव्या डोळ्याची पापणी हलली. मला कळलं होतं पल्लू. शिट्टी तोंडापर्यंत आणली होती मी."

"मग?"

"शिट्टी मारली असती तर तू हरली असतीस. आणि मला पदक पाहिजे होतं घरात. तुझ्या हातानं का होईना."

तिच्या दंडातलं मांस थरथरत होतं आणि त्याबरोबर सूतही. मला वाटलं ती हात सोडून बसेल, उठून जाईल, आईला सांगेल. तसं केलं असतं तर मी अडवलं नसतं. आत तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला.

आज ती बत्तीस वर्षांची आहे. भरलेली बादली अजून डाव्या हातानंच उचलते. आमच्यात भांडणं होतात, रुसवे होतात, पण त्या अठरा सेकंदांचा विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मीच मनात काढते. बारा ते तीस मी अजून मोजते, कधी भाजी चिरताना, कधी उगाच.

त्या सकाळी ती बराच वेळ तशीच राहिली. घामाचा एक थेंब तिच्या नाकावरून फरशीवर पडला. सूत तुटलं नव्हतं.

"मोज की," ती म्हणाली. "सातावर थांबलीयास."

मी आठ म्हटलं.